उन्हाचं मलम

अंबरपेठेतल्या प्रमिलाबाई सावळ्या होत्या आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते उन्हाचं. जरा ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, नुसती आग आग व्हायची. आणि बाईंची नोकरी कोणती, तर मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. आता बोला! निजामाच्या राज्यात ते निभून गेलं, कारण मुलींची कवायत व्हायची ती कनातीच्या आड, शामियान्याच्या सावलीत. पोलिस ॲक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात आलं आणि कनात निघाली. पुढच्या पंधरा ऑगस्टला मुलींनी उघड्या मैदानात, साऱ्या शहरासमोर कवायत करायची ठरली. सगळ्यांच्या पुढे हुकूम द्यायला प्रमिलाबाई. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पुढे उभं करत होतं. बाई हरखून गेल्या.

जूनमध्ये सराव सुरू झाला आणि पावसाने ओढ दिली. छत्री धरून कवायत घेता येईना. चंदनाचा लेप घामाबरोबर गळ्यात उतरे. शेवटी त्यांनी नवऱ्याला गळ घातली, आबिड्सच्या बाजारातल्या औषधांच्या दुकानात ऊन अडवणारं काही मिळतं का बघा. नरहरराव सरकारी दफ्तरात कारकून. दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन आले. डबीवर सगळं इंग्रजी, आणि बाई शिकलेल्या उर्दूत. नवऱ्याने वाचल्यासारखं करून सांगितलं, उन्हाचंच आहे, भरपूर लाव. वर रोज सकाळी मानेला स्वतःच्या हाताने चोळूनही देऊ लागले. इतक्या वर्षांच्या संसारात असं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं. बाई अगदी विरघळल्या हो!

चट्टे मात्र वाढले. कपाळाची सालं निघू लागली. बाईंना वाटलं, मलम कमी पडतंय. त्यांनी आणखी थापलं. मग शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. असं तोंड घेऊन पाहुण्यांपुढे उभं राहता येणार नाही, म्हणाल्या, लवकर बरं झालं नाही तर दुसऱ्या शिक्षिका सुशीलाबाई हुकूम देतील. डबी संपत आली होती. प्रमिलाबाई तशाच आबिड्सला गेल्या आणि म्हणाल्या, हेच उन्हाचं मलम द्या, मोठी डबी द्या.

दुकानदाराने डबीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"बाईसाब, ये तो गोरा होने का मलम है. लगाके धूप में नक्को निकलना बोलके मैं साब कू बोला था."

परक्या माणसाने केसाने गळा कापला तर शिव्या तरी देता येतात. इथे घरच्याच माणसाने, तेही लाडाने चोळून चोळून, तोंडाला पानं पुसली होती. दुकानदाराने जस्ताचं घट्ट मलम दिलं. हे फासलं की तोंड चुन्यासारखं दिसतं, पण ऊन आत शिरत नाही, असं म्हणाला. बाईंनी ते घेतलं.

संध्याकाळी बाईंनी जाब विचारला तेव्हा नरहरराव आधी उडवाउडवी करू लागले. मग बोलले. दफ्तरात मद्रासकडचे नवे साहेब आलेत, चहाला बायकांनाही बोलावतात, चार माणसांत बायको जरा बरी दिसावी असं कुणाला वाटत नाही?

"मी रोज उन्हात उभी असते, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"मला वाटलं, त्रास झाला की सोडशील ती कवायत. घरात बसली असतीस तर एव्हाना उजळली असतीस."

बाईंनी ती डबी केरात टाकली. जुनं मलम सुटलं, सालं थांबली, मोठ्या बाईंनी होकार दिला.

पंधरा ऑगस्टला पाऊस नव्हता, लख्ख ऊन होतं. पांढरंफटक तोंड घेऊन प्रमिलाबाई मैदानात उभ्या राहिल्या. मुली हसल्या आणि मग विसरल्या. पाठीशीच पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, त्यांत नरहरराव आणि त्यांचे नवे साहेबही बसले होते. कवायत रंगात आली असताना मागून नरहररावांच्या साहेबांचा आवाज आला, तुमच्या मिसेसही इथेच शिकवतात ना? यातल्या कोणत्या?

"आज नाही आली, साहेब. बरं नाही तिला," नरहरराव म्हणाले.

मुलींनी हात वर केले होते. पुढचा हुकूम प्रमिलाबाईंच्या तोंडून फुटेना, आणि मुली उन्हात तशाच हात वर करून उभ्या राहिल्या.