वहिनीची साठी, दादाची वाटी

साठावा वाढदिवस आला की माणसं केक कापतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे चोळत बसतात. आमची वहिनी एकटी उठून द्राक्षांच्या मळ्यांत वाइन चाखायला गेली. वाइन ती पीत नाही. आणि एकटी म्हणाल, तर दादा अंथरुणाला खिळल्यापासून ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे गेलेली मला आठवत नाही.

दादा माझा मोठा भाऊ. ट्रक चालवायचा. त्या द्राक्षांच्या खोऱ्यातून वाइनच्या बाटल्यांची खोकी भरायची आणि शहरातल्या गोदामात आणून उतरवायची, हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. घरी आला की खोऱ्याच्या गोष्टी सांगायचा. वेली तारांवर कशा ओळीनं चढवतात, तळघरात लाकडी पिंपं कशी निजवलेली असतात, पानं लाल झाली की टेकड्या कशा दिसतात. दर खेपेला वहिनीला म्हणायचा, एकदा नेतो तुला. नेलं नाही ते नाहीच. मग एका सकाळी दाढी करता करता खाली कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता तोंडातून एक 'हं' तेवढा निघतो, आणि तोसुद्धा मनात आलं तर.

वहिनी पडदे शिवते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे आणि आतल्या खोलीत दादाची खाट. पूर्वी तिच्याकडे हॉटेलांचं काम यायचं, आता शेजारपाजारच्यांचं येतं तेवढंच, कारण दिवसाचे तीन-चार तास तिचे दादाला भरवण्यात जातात. त्याचा घसा नीट काम करत नाही. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं, नाहीतर ठसका लागतो. जेवण सगळं वाटून, गाळून, लगदा करून. एका जेवणाला एक तास, कधी त्याहून जास्त. तो तोंडच उघडत नाही. वहिनी चमचा धरून बसते, त्याच्याशी बोलते, पुन्हा चमचा पुढे करते. आणि दुसऱ्या कुणाच्या हातून तो खात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मागे एका सेवागृहात त्याला ठेवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या बाईनं चमचा पुढे केला आणि या गृहस्थानं दात असे आवळले की बाईच घाबरली. वहिनी मागेच उभी होती. त्यांनी सांगितलं, आमच्या माणसांच्या हातून जो जेवत नाही त्याला आम्ही ठेवून घेत नाही. झालं, दोघं आल्या टॅक्सीनं परत आले.

ही सहल काढली माझ्या भाचीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं. ती नोकरीला दूर असते आणि लांबून माणसाला सगळं स्वच्छ दिसतं. तिला दिसत होतं की आई वाळत चालली आहे. वहिनीचं वजन उतरलं होतं, हात थरथरायला लागला होता, एकदा मशीनची सुई बोटातून गेली होती. भाचीनं बेत केला की आईनं साठीला बाबांच्या त्या खोऱ्यात दोन रात्री राहायचं, बाबांकडे आत्यानं, म्हणजे मी, बघायचं. आणि बाबा आत्याच्या हातून जेवले, तर सेवागृहाशी पुन्हा बोलायचं. हे तिनं आईला तोंडावर सांगितलं. वहिनी लगेच तयार झाली, याचं मला नवल वाटलं. मग कळलं. तिला खात्री होती की तो जेवणार नाही. आपल्याला घर सोडता येत नाही हे एकदा सगळ्यांना दाखवून द्यावं, म्हणून बाई घर सोडून निघाली होती.

आदल्या दिवशी तिनं मला शिकवणी दिली. हनुवटीखाली डावा तळवा धरायचा. घास छोटा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा. गालात काही राहिलं तर भांडं पुढे करायचं, 'थुंका' म्हणायचं, थुंकले की शाबासकी द्यायची आणि तोंड पुसायचं. हे सगळं करताना तिचं तोंड चालूच होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं निळं कापड आणलंय, ते धुतलं की आटणार, तिला सांगितलं तर ऐकत नाही, नळाचा माणूस आला नाही. दादा चमच्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मी घड्याळाकडे बघत होते. मी पोस्टात खिडकीमागे बसून नोकरी केली, समोरच्या माणसाला लवकर मोकळं करायचं हाच माझा धर्म. मला ते नमनालाच घडाभर तेल बघवेना.

वहिनी सकाळच्या बसनं गेली. निघताना तिनं दादाची चादर नीट केली, मग पुन्हा एकदा नीट केली. दादा दाराकडे तोंड करून पडला होता. दुपारी मी लगदा गरम केला, खाटेशी बसले आणि मनात म्हटलं, चला, आता सुरू होऊ दे नाटक. चमचा पुढे केला. त्यानं तोंड उघडलं. घाटी वर गेली, खाली आली. दुसरा चमचा, तिसरा चमचा. ना दात आवळले ना मान फिरवली. मी माझ्यासाठी कपभर चहा करून ठेवला होता, तो निवायच्या आत वाटी रिकामी. मग त्यानं डोळे मिटले.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, एवढी वर्षं डोक्यावर घेतलं होतं, इथे शिस्तीचं माणूस पाहिजे होतं. संध्याकाळीही तसंच झालं. मग मात्र मला जरा चुकल्यासारखं वाटलं. त्याच्या खाण्यात चव नव्हती, भूक नव्हती. औषध घ्यावं तसं तो माझ्या हातून उरकून घेत होता.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. खोली चांगली आहे, खिडकीतून वेली दिसतात, पानं लाल झालीत, एवढं तिनं भराभर सांगितलं. मग विचारलं, "वन्सं, जेवले का हे?"

"जेवला," मी म्हटलं.

"थोडं?"

"थोडं कसलं, वाटी चाटूनपुसून. दोन्ही वेळेला. मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

मला वाटलं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती नुसतं बरं झालं म्हणाली. ठसका लागला का, असं विचारलं, आणि फोन ठेवला. तेवढ्यात भाचीचा आलाच. तिला सांगितलं तर ती रडायलाच लागली, आनंदानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सेवागृहात विचारलंसुद्धा. एक खाट रिकामी होती.

त्या सकाळी काय झालं ते वहिनीनं त्याच दिवशी परत आल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. खोलीच्या पैशातच वाइन चाखणं होतं, म्हणून ती गेली. लांब टेबल, प्रत्येकापुढे चार-चार ग्लास, आणि मध्ये मध्ये एकेक धातूचं भांडं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, वाइन तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि त्या भांड्यात थुंकायची, म्हणजे शेवटपर्यंत डोकं ठिकाणावर राहतं. वहिनीच्या समोर एक म्हातारे गृहस्थ बायकोबरोबर बसले होते. चांगले कोट घातलेले. त्यांनी घोट घेतला, गाल फुगवले, भांड्याकडे वाकले. आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आला.

वहिनीला आपण कधी उठलो ते कळलं नाही. तिनं टेबलावरून हात लांब करून त्या परक्या माणसाच्या हनुवटीखाली तळवा धरला, दुसऱ्या हातानं भांडं पुढे केलं आणि म्हणाली, "थुंका. सगळं थुंका. शाबास." आणि रुमालानं त्याचं तोंड पुसलं.

टेबलावर कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. ते गृहस्थ जागच्या जागी थिजले. त्यांच्या बायकोनं हळूच वहिनीचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "राहू द्या. त्यांना येतं." रागावून नाही, समजुतीनं. वहिनी खाली बसली, समोरच्या चारही ग्लासांतली वाइन एकामागून एक पिऊन टाकली, थुंकली नाही, आणि खोलीवर जाऊन बॅग भरली. दुसरी रात्र तिनं घेतलीच नाही.

हे सांगताना ती आधी हसत होती. "त्यांना येतं, म्हणाली ती," असं दोनदा म्हणाली आणि मग हसायची थांबली.

संध्याकाळ झाली होती, दादाच्या जेवणाची वेळ. तिनं हात धुतले, लगदा गरम केला आणि खाटेशी जाऊन बसली. दादाचा चेहरा तिला बघून इतका उजळला की मला माझ्याच भावाचा हेवा वाटला. तिनं चमचा पुढे केला. त्यानं दात आवळले.

एरवी तिची टकळी सुरू व्हायची, आज चमचा तसाच धरून बसली. दादा वाट बघत होता. लाल पानांचं, वेलींचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून तो वाट बघत होता, हे मला दारातून दिसत होतं. ज्या खोऱ्यातून तो आयुष्यभर ये-जा करत होता ते बघून ती आली होती.

"यांना गिळता येत होतं," ती मला म्हणाली, पण बघत त्याच्याकडे होती. "मला वाटायचं घास अडकतो."

मी म्हटलं, "वहिनी, जेवण झालं की तू मशीनवर जाऊन बसतेस. तू उठू नयेस असं त्याला वाटतं, एवढंच. माझं काय, मी गेले काय, राहिले काय."

"कळलं मला ते. बसमध्येच कळलं." तिनं चमचा वाटीत ठेवला. "अहो, मी इथेच बसले असते. जेवलात तरी बसले असते. एक खूण करायची होती."

दादानं डाव्या हातानं तिची बाही धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजारपणात तो सहज रडतो, डॉक्टर म्हणतात त्याला अर्थ नसतो. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मला वाटलं आता ही विरघळणार, पुन्हा तो तास, पुन्हा ते निळं कापड. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. तो माझा भाऊ आहे.

वहिनीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग ती उठली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"वन्सं, तुम्ही भरवा."

ती पुढच्या खोलीत जाऊन मशीनपाशी बसली. मशीन सुरू केलं नाही. मी चमचा पुढे केला आणि दादानं तोंड उघडलं. दाराकडे बघत, रडत, एकही घास न नाकारता त्यानं सगळी वाटी संपवली. मी मुद्दाम सावकाश भरवत होते. आयुष्यात कुणाला एवढं सावकाश मोकळं केलं नसेल. तरी संपलीच. बाहेर वहिनी लेकीला फोनवर सांगत होती, "हो, जेवतात. कुणाच्याही हातून जेवतात. खाट घे."

आता दादा तिथे असतो. वहिनीचं वजन भरलं, हॉटेलांचं काम पुन्हा यायला लागलंय, भाची म्हणते आई माणसात आली. वहिनी रोज दुपारी त्याला भेटायला जाते, कधी मीही सोबत असते. ती शेजारी बसून बोलत राहते आणि तो तिच्याकडे बघत राहतो. पण जेवणाची वेळ झाली की बाहेर जावं लागतं. नातेवाईक समोर असले की पेशंट नखरे करतात, म्हणून तिथला तसा नियम आहे. वहिनी बाहेरच्या बाकावर बसते आणि दाराकडे बघते. जरा वेळानं तिथली भरवणारी बाई वाटी घेऊन बाहेर येते आणि लांबूनच आम्हाला दाखवते, म्हणजे आम्ही निर्धास्त घरी जावं. माझ्या मनात दर वेळेला येतं की एकदा तरी ती भरलेली परत यावी. वहिनीच्याही मनात तेच असतं, तिनं मला सांगितलंय. ती रिकामीच येते.