जॉयस्टिक भोरला, डबा वेल्ह्याला

पुण्यातला माणूस शनिवारी भोर-वेल्ह्याकडे निघाला की त्याच्या डोक्यात तोरणा असतो, राजगड असतो, नाहीतर पानशेतला धरणाकाठी खायची भजी असतात. मी निघालो टेनिस खेळायला. तेही टीव्हीवर, आणि ज्यातल्या खेळाडूंना नाक-डोळे द्यायला बनवणारे विसरले अशा जुन्यापुराण्या व्हिडिओ गेमवर. "एवढ्या लांब जाऊन सोफ्यावरच बसणार?" बायकोने विचारलं. मी तिची चूक दुरुस्त केली. सोफ्यावर नाही, सतरंजीवर.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं वेडेपणाचं वाटेल. पुढचं वेडेपणाचंच आहे, पण निदान क्रमाने तरी वाटेल. मी शाळेत असताना माझे वडील भोरला नोकरीला होते. भोरचा अल्ताफ, वेल्ह्याहून मामाकडे शिकायला आलेला सुनील आणि मी, अशा तिघांनी वर्गणी काढून हा गेम घेतला. एकमेकांवर गाढ विश्वास असल्यामुळे लगेच तो वाटूनही घेतला. टीव्हीला जोडायचा डबा सुनीलकडे, चारही जॉयस्टिक अल्ताफकडे, टेनिसची कॅसेट माझ्याकडे. एकट्याने कुणाला चोरून सराव करता येऊ नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. आता तिघांनाही चष्मे लागलेत, तरी ही वाटणी जशीच्या तशी आहे.

बिघडलं ते गेल्या लग्नसराईत. सुनीलने मुलीच्या लग्नाची पत्रिका अल्ताफला मोबाईलवर पाठवली. आमच्या भागात पत्रिका घरी जाऊन द्यायची असते. चहा प्यायचा, "सगळ्यांनी यायचं बरं का" असं दारात दोनदा म्हणायचं, तेव्हा ती पोचली असं धरतात. अल्ताफ लग्नाला गेला नाही, त्याची बायको रुक्सानाही नाही. तो आला नाही म्हणून सुनील फुगला, आणि दोघांनी बोलणं टाकलं. आता अल्ताफच्या मुलीचं लग्न ठरलंय. मला पत्रिका द्यायला तो पुण्याला आला, तेव्हा मी सहज विचारलं, "वेल्ह्याला कधी जातोस?"

"वेल्ह्याला कोण ऱ्हातं?" तो म्हणाला आणि दुसरा चहा घेतला.

सुनीलशिवाय हे लग्न झालं असतं, तर ही दोस्ती कायमची संपली असती. त्याची मला खरोखर धास्ती वाटली. समजुतीच्या गोष्टी मला जमत नाहीत, म्हणून कपाटातून कॅसेट काढली.

सकाळी लवकर निघा, असं सगळे ब्लॉग सांगतात. मीही सांगतो. तुम्हीही माझ्यासारखेच उशिरा निघाल आणि टोलनाक्याच्या रांगेत निसर्गाचा आस्वाद घ्याल. कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता. ते वळण चुकलं तर सारोळ्याला नीरेचा पूल लागतो. मी तो पाहून आलो. पूल चांगला आहे. परतताना कापूरहोळला मिसळ खाल्ली. दोनशेच्या आत पोट भरतं आणि दुपारपर्यंत जिभेला दुसरं काही सुचत नाही.

अल्ताफचं भोरच्या पेठेत गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. मी कॅसेट टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "वेल्ह्याला चाललोय. जॉयस्टिक दे."

त्याने कॅसेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू नेणार?"

"हो. उद्या आणून देतो."

"तू वायरी मुडपशील," तो म्हणाला. आतून त्याने पिशवी आणली, पण माझ्या हातात काही दिली नाही. पोराला दुकान बघायला सांगून तो गाडीत येऊन बसला, आणि पिशवी मांडीवर घेतली. "म्या फकस्त जॉयस्टिकसाठी येतोय. ध्यानात ठेव."

आलोच आहोत तर आंबवड्याचं देऊळ बघून जाऊ, असं मी सुचवलं. "देऊळ कुठं पळून चाललंय? हितं जॉयस्टिकला ऊन लागतंय," एवढ्यावर तो विषय संपला. म्हणून आंबवड्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. तुम्ही जा, छान आहे म्हणतात. आम्ही परत हायवेला लागलो, नसरापूरपाशी वेल्ह्याचा फाटा धरला. रस्ता बरा आहे, मधे मधे रस्ता नाही. डोंगर जवळ येत गेले तशी अल्ताफने मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली.

तोरण्याच्या पायथ्याशी सुनीलचं होमस्टे आहे. अंगणात पुण्याचे ट्रेकर चुलीपुढे उभे राहून धुराचे फोटो काढत होते. सुनील बाहेर आला, अल्ताफला बघून थबकला, आणि आत तोंड करून म्हणाला, "पावण्यांना पानी द्या."

पावणे! जो माणूस या घराच्या मडक्यातून स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायला, त्याला पावणे. अल्ताफचा चेहरा पडला. तो मला म्हणाला, "त्यांना सांग, पानी पिऊन आलोय."

जेवायला सुनीलच्या बायकोने, संगीतावहिनींनी, पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात वाढला. चुलीवरची चव औरच, असं मी भक्तिभावाने म्हणालो. "ह्ये गॅसवरचं हाय भावजी," त्या म्हणाल्या. "चुलीचं त्या फोटोवाल्यांना." दर बाहेर पाटीवर लिहिलेत; वहिनींनी आमच्याकडून घेतले नाहीत, म्हणून मला पाठ नाहीत. दोघे मित्र एकाच ताटातला ठेचा माझ्यामार्फत मागत होते.

जेवण झाल्यावर माळ्यावरचा जुना पेटी टीव्ही उतरवला. कॅसेट लावली, चित्र येईना. मग तिघांनी आळीपाळीने तिच्यात फुंकर मारली. हा उपाय शास्त्राला मान्य नाही, पण त्या वेळी शास्त्र तिथे नव्हतं. चित्र आलं. हिरवं मैदान, पांढऱ्या रेघा, बोटाएवढी चार माणसं, आणि सर्दी झालेल्या माणसासारखा ओरडणारा पंच. माझा भाचा याला "ग्राफिक्स" म्हणायला तयार नाही. त्याच्या मोबाईलमधल्या खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. पण तो ज्याच्याशी खेळतो तो कुठल्या देशात बसलाय, हे त्याला माहीत नसतं. इथे ज्याला हरवलं तो माणूस कोपरखळी मारायच्या अंतरावर असतो.

"मी आन् पुन्याचे भावजी एकीकडं," वहिनी जॉयस्टिक उचलत म्हणाल्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी निरागसपणे वायर सोडवत होतो.

आता दुहेरीत दोघे एका बाजूला, आणि बोलणं बंद. वहिनी या खेळात दयामाया ठेवत नाहीत. त्यांनी पहिलाच बॉल दोघांच्या बरोब्बर मधून मारला. अल्ताफ उभा, सुनील उभा, बॉल गेला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. पंच खुशीत ओरडत होता.

"आरं, तुझा व्हता की त्यो!" अल्ताफच्या तोंडून निघून गेलं.

"मला वाटलं तू घेशील!" सुनील उसळला. "तू जवळ व्हतास!"

"वाटलं, वाटलं! तोंड न्हाई का तुला? बोलायचं की!"

"तू बोललास का? पोरीच्या लग्नात म्या मांडवाच्या दारात तुझी वाट बघितली. पंगतीला वाढायला तू पायजे व्हतास. भाड्यानं वाढपी आनले म्या!"

"मोबाईलवर पत्रिका टाकतूस आन् वाट बघतूस व्हय?"

"पत्रिका पावण्यांना देत्यात! तू काय पावणा हायेस? तुला हळदीच्या आदी यायला पायजे व्हतं, न बोलावता!"

अल्ताफने जॉयस्टिक मांडीवर ठेवली. मग हळू म्हणाला, "मला काय ठाऊक? लई लागलं मला त्ये. रुक्सानानं नव्या साडीला फॉल लावून ठेवला व्हता."

सुनील जॉयस्टिकची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मी सतरंजीची वीण तपासत होतो. वहिनींनी तेवढ्यात आणखी दोन बॉल मारून घेतले. "भांडान चालू द्या, पर बटन बी दाबा," त्या म्हणाल्या.

"मधला तुझा," अल्ताफ नाक पुसत म्हणाला. "मागचा मी बघतो."

त्यानंतर ती खोली "तुझा!", "माझा!", "सोड, सोड!" यांनी दणाणून गेली. ट्रेकर खिडकीतून डोकावून गेले. तरीही ते दोघे हरले, कारण वहिनी आपल्या बाजूला असल्यावर मला फारसं काही करावं लागत नाही.

रविवारी निघताना सुनील म्हणाला, "पत्रिका कशाला? तुझ्या पोरीच्या लग्नाला म्या हळदीच्या आदीच येनार."

"न्हाई," अल्ताफ म्हणाला. "रुक्सानाला घिऊन येतो, घरात बसून देतो. मला मान पायजे व्हता, तसा तुला बी देनार." पण अल्ताफ म्हणतो ते करतोच असं नाही, म्हणून त्याला भोरला सोडून घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय बघितलं? पूल, म्हणालो. अंगठा सुजला होता. त्या गेममध्ये नवं काही नाही, इतक्या वर्षांत त्याचं मैदानही बदललं नाही. पण दुहेरी खेळताना माणसाला शेजारच्याशी बोलावंच लागतं. एवढ्यासाठी तो मला अजून आवडतो.

पुढच्या आठवड्यात सुनीलचा फोन आला. "आरं नित्या, अल्ताफ आलाय. रुक्सानावहिनी बी आल्यात, नवी साडी नेसून. पत्रिका दिली, पेढे दिले. मला जरा रडू आलं, कुनाला सांगू नगंस."

मागून अल्ताफचा आवाज आला, "आदी कॅसेटचं इचार त्याला!"

"हां. जॉयस्टिक घिऊन आलाय त्यो, पर कॅसेट तुझ्याकडंच ऱ्हायली की. स्वारगेटला यष्टीच्या कंडक्टरकडं दे. तू न्हाई आलास तरी चालंल."

फोन ठेवून मी कॅसेट पिशवीत घातली. तिघांत तिसऱ्याची गरज उरली नाही, हे ऐकून इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.