घोंगडीतला बोर्ड

“आधी भुईला भेटा, मंग मला.”

पायरीवर कुणी पाय ठेवला, की मामा मान वर न करता एवढंच म्हणायचे. मग दाराशी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला हात लावायचा आणि आत जायचं. साहेब असो नाहीतर तुमच्या-माझ्यासारखा, सूट कुणालाच नाही.

वारंगा फाट्यावर माझं कपड्यांचं दुकान, शेजारी मामांचं मशिनी दुरुस्तीचं. काम करताना त्यांच्या मनगटाला एक वायर बांधलेली असे, तिचं दुसरं टोक त्याच सळईला. फाट्यावरचे टवाळ त्यांना ‘दावणीचे मामा’ म्हणत. मी तर वैरण टाकू का म्हणून विचारायचो. मामा हसायचे, वायर काही सोडायचे नाहीत. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना तडतडतो ना, तीच अंगातली वीज सळईतून भुईत उतरवली नाही, तर मशीनच्या आतल्या बोर्डावरच्या चिपा मारते, असं त्यांचं म्हणणं. “आपल्याला कळत बी न्हाई, अन् तिचा जीव जातो.” स्वेटर मी विकायचो, म्हणून हिवाळाभर मला आत मज्जाव. माझ्याच मालाची बदनामी! मी चिडायचो आणि चहा मात्र त्यांच्याच पायरीवर प्यायचो.

एका थंडीत सेनगावकडचा एक मेंढपाळ आला. त्याची म्हातारी आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. मशीनचं बटण अडकत होतं, म्हणून मामांनीच फोनवर बोर्ड काढून आणायला सांगितलं होतं. तोवर आई सिलिंडरवर, आणि सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता.

जीपमध्ये धक्के बसू नयेत म्हणून बोर्ड लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून त्यानं मांडीवर धरून आणला होता. “आईनं सोताच्या अंगावरली काढून दिली. म्हणली, जपून ने.”

मामांनी घोंगडी उलगडली, तशी ती तडतडली. तपासलं, तर बटण राहिलं बाजूला, मुख्य चिपच गेलेली.

“काहून गेली, मामा?”

मामांनी घोंगडीची घडी घातली. “जुनी झाली व्हती,” म्हणाले.

एका भंगार मशीनमधली तसलीच चिप काढून त्यांनी बसवली. ऊन उतरायच्या आत बोर्ड असली वीज लागू न देणाऱ्या चंदेरी पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. “ह्याला ऊब नगं. ह्या पिशवीतच ने.”

तो गेल्यावर मी विचारलं, “खरं काहून न्हाई सांगितलं?”

“लोकरीत गुंडाळू नगं, हे फोनवर सांगायचं मीच इसरलो. अन् आईनं अंगावरली काढून दिली, त्या घोंगडीनंच घात केला म्हणून सांगू का त्याला?”

गेल्या पोळ्याच्या सुमारास मामा गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मला त्यांची फार आठवण येते.

परवा तो मेंढपाळ त्यांचं शटर बंद बघून माझ्याकडं आला. मामा गेल्याचं मी सांगितलं, तसा तो पायरीवर बसला. आई बरी आहे म्हणाला, अजून सगळ्यांवर वरडते. मग त्यानं हळूच विचारलं, “मोबाईलवर बघितलं मी. लोकरीनं चिप मरते म्हणं. तवा आईच्या घोंगडीनंच गेली व्हती का? खरं सांगा.”

“न्हाई,” मी म्हणालो. “जुनी झाली व्हती.”