तिच्या वाटचं उत्तर

सन २०२२ मध्ये मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बायकोले न्यूमोनिया झाला म्हणून चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं होतं. सिस्टर दर वेळी तिले विचारे, "बाई, कसं वाटते?" ती तोंड उघडायच्या आधी मीच सांगत होतो, "बरी आहे." परक्या माणसासमोर तिच्या वाटचं मीच बोलत आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवली नाई, डोळे मिटून पडली. सिस्टर उठवाले आली तर मी म्हटलं, "झोपू द्या तिले. माझी बायको मले माहीत आहे."

"भाऊ, तुमाले नाई विचारलं," सिस्टर म्हणाली अन् तिले हलवलं. बायको भलतंच काही बडबडली. तिले धाप लागली होती. लगेच ऑक्सिजन लावलं.

बैलानं रवंथ सोडला तर मले गोठ्याच्या दारातूनच समजते. इथी मी तीन दिवस उशाशी बसून होतो, तरी ती बिघडत चाललेली दिसली नाई. चूक कबूल करायची मले सवय नाई, पण ही माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले. सिस्टरनं विचारलं, "बाई, कसं वाटते?" सवयीनं माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं अन् तिच्याकडे पाहत राह्यलो.