बैल बरा असल्याचा दाखला

"तोंडाने सांगू नका, खांदा दाखवा."

मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यातले आमचे डॉक्टर कुणाचा नमस्कार घेण्याआधी बैलाच्या मानेवर हात ठेवायचे. मालकाच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. माझ्यावरही नव्हता. मी तिथला शिपाई. मी औषधाची बाटली आणून दिली तरी बूच हुंगून बघायचे.

मलाही त्यांचा संशय होताच म्हणा. सरकारी माणूस आणि इतका कडक, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय! तुम्हीही तेच म्हणाला असतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वीटभट्टीवरच्या एका गाडीवानाचा बैल पोलिसांनी धरून आणला. जुवाखाली मान सोलून निघालेली, तरी गाडीत विटा ठासलेल्या. कोर्टात दंड झाला पन्नास रुपये. गाडीवानाने हसत भरला.

"एवढ्यात कोंबडी पण येत नाय," मला म्हणाला.

पण डॉक्टर कायद्याचं पुस्तक घेऊनच कोर्टात गेले होते. दंडाचं कलम दात पडलेलं, पुढे मात्र एक ओळ जिवंत होती: कोर्टाने हुकूम दिला, तर बरं झाल्याच्या दाखल्याशिवाय जनावर परत मिळत नाही. तो हुकूम त्यांनी मागून घेतला. बैल आमच्या आवारात जांभळीखाली बांधला.

महिना गेला, दुसराही गेला. जखम भरली, वर केस आले. गाडीवान दर सोमवारी यायचा. डॉक्टर खांदा दाबायचे, बैल डोळे मिटायचा.

"अजून नाही."

"काय पायजे रे या डाक्टरला?" गाडीवान मला कोपऱ्यात विचारायचा.

"समजून घे की," मी डोळा मिचकावायचो.

मग डॉक्टरांची बदली झाली. निघताना त्यांनी माझा हात धरून बैलाच्या मानेवर ठेवला. "वरून भरलंय, आत पू आहे. नव्या साहेबांना दाबून बघायला सांग." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला. मला वाटलं, जाता जाता भाव वाढवतायत.

नवे साहेब घाईत होते. खुर्चीतूनच विचारलं, "बरा आहे ना?"

"बरा," मी म्हणालो. दाखला मीच लिहिला, त्यांनी सही केली.

दिवाळीनंतर शहापूरच्या रस्त्यावर तीच गाडी दिसली, विटांनी भरलेली. मी थांबवली. जुवाखाली हात घालून दाबलं. बैलाने डोळे मिटले. माझा हात ओला झाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"काय बघतोस? दाखला हाय ना माज्याजवल," गाडीवान म्हणाला. "तुज्याच अक्षरातला."