बोटाला विचारतो

"थांबा अक्का, बोटाला विचारतो."

कापड पुढे केलं की बसवनगुडीतले आमचे शिंपी डोळे मिटायचे आणि काठ अंगठा-तर्जनीत धरून हलकेच चोळायचे. मग निकाल. "रेशीम आहे, पण स्वल्प भेसळ." किंवा नुसतंच "सरी", म्हणजे ठीक. गिऱ्हाइकाच्या कुठल्याही मागणीला त्यांच्याकडे हेच उत्तर असे.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड. मी पुण्याहून नवीन आलेली. माझ्या सूचनांची यादी पाहून म्हणाले होते, "अकरा कलमं! अक्का, ब्लाउज शिवायचाय की घरभाड्याचा करार करायचाय?"

पुढे दोन गोष्टी दिसू लागल्या. तुम्हालाही दिसल्या असत्या. अण्णा अधूनमधून पाणी झटकावं तसा उजवा हात झटकायचे. आणि माझ्या ब्लाउजच्या अस्तरावर एक तपकिरी ठिपका होता. रक्ताचा.

"सुई टोचली आणि कळलं नाही?"

"मुंग्या येतात हाताला. कात्री धरून धरून. होईल सरी."

पुढच्या ब्लाउजवर तीन ठिपके निघाले. मग एके दिवशी त्यांनी चक्क पॉलिस्टरला रेशीम म्हटलं. मी त्यांना तडक रिक्षात बसवलं.

"कुणाला सांगू नका, अक्का," वाटेत ते म्हणाले. "बोटं गेलेल्या शिंप्याकडे कोण येणार?"

मी डॉक्टरांसाठी रिक्षातच लिहून काढलं होतं: उजवा हात बधिर, दोन वर्षं. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "कुठली बोटं?" ते मी लिहिलंच नव्हतं. अण्णांनाही सांगता येईना.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक ताठ धागा काढला. अण्णांनी आधी त्याचा नंबर विचारला, मग डोळे मिटले. धागा लागला की सांगायचं होतं.

"सरी... सरी... सरी."

"अण्णा, त्यांनी अजून लावलाच नाहीये!"

ते ओशाळले. "समोर कुणी बसलं की तोंडातून तेच निघतं."

"आता सरी बंद," डॉक्टर म्हणाल्या. "कळलं तर कळलं, नाही तर नाही."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. धागा अंगठ्यावर टेकून वाकला, तर्जनीवर वाकला, मधल्या बोटावर वाकला. अण्णा कापड पारखताना थांबत तसेच डोळे मिटून थांबले होते. बोटं काहीच सांगत नव्हती. धागा करंगळीला लागला तेव्हा मात्र ते जवळजवळ ओरडले, "आत्ता!"

मनगटातल्या अरुंद वाटेत एक नस दबली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं यांच्या स्पर्शाची खबर तिच्यातूनच मेंदूकडे जाते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. अनामिकेची एक कड हिच्याकडे, दुसरी तिच्याकडे. अण्णा ते बोट उलटसुलट करून बघत राहिले.

"हे माझ्यासारखं, अक्का. अर्धं मराठी, अर्धं कन्नड."

शस्त्रक्रियेने नस मोकळी होईल, पण इतक्या उशिरा स्पर्श किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. झालंही तसंच. मुंग्या गेल्या, हात झटकणं थांबलं. "आणि बोटं?" मी विचारलं.

"स्वल्प."

स्वल्प म्हणजे किती, हे मला विचारवलं नाही.

त्यांनी दुकान बंद करून लेकीकडे म्हैसूरला जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम एक कापड घेऊन गेले. त्यांनी डोळे मिटले, सवयीने अंगठा आणि तर्जनी पुढे केली आणि थबकले. मग काठावरून सावकाश करंगळी फिरवली. एकदा. पुन्हा एकदा.

"रेशीम."

"नक्की?"

"नवीन आहे ती कामाला. पण उगाच सरी म्हणत नाही."

रेशीमच होतं. त्याचा ब्लाउज मी अजून शिवायला टाकलेला नाही. माझ्या कामांच्या यादीत प्रत्येक कामापुढे तारीख असते, तेवढ्या एकापुढे नाही.