तोंड बघून देणारा

"जरा उजेडात ये. तोंड बघू."

बहरैनमधल्या मनामाच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या तंबाखूच्या दुकानापुढे कुणीही उभं राहिलं, की पहिल्यांदा हे वाक्य यायचं. मग दुकानातले काका चष्मा कपाळावर चढवत, फळीवरून पुढे वाकत आणि गिऱ्हाइकाला न्याहाळत. तोंड पटलं तर तंबाखू मिळे. नाही पटलं, तर बरणीतल्या दोन लवंगा हातावर पडत.

"आज नाही. ह्या चघळ, परवा ये."

बहरैनी माणसाला हेच मोडक्या अरबीत, मल्याळी माणसाला हिंदीत, मला नगरी मराठीत. उधार न देणारे दुकानदार तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. रोख पैसे पुढे केले तरी न देणारा मी हा एकच पाहिला.

काका नगर जिल्ह्यातले. हुक्क्याची तंबाखू स्वतः मिसळत. दुकान एका म्हाताऱ्या अरबाबाचं होतं. मालकाला तिकडे अरबाब म्हणत. तो दिवसभर बाहेरच्या बाकावर हुक्का ओढत बसे. काका माल देत नाहीत अशी तक्रार घेऊन कुणी गेलं, तर तो नळी न काढता मान हलवी आणि आत बोट दाखवी. म्हणजे, त्यालाच विचारा. खुद्द अरबाबालाही काका आठवड्यातून एक दिवस लवंगेवर ठेवत. त्या दिवशी तो बाकावर रुसून बसलेला असे.

तुबलीच्या एका गॅरेजात साताऱ्याकडचा एक मेकॅनिक होता. त्याला काकांनी ओळीने तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तो भांडायलाच आला. काका म्हणाले, "शिव्या नंतर दे. आधी डॉक्टरला छाती दाखव." त्याने शिव्या दिल्या आणि वर डॉक्टरलाही छाती दाखवली. पुढे सहा महिने औषध घेत होता. बरा झाल्यावर खजुराचा डबा घेऊन आला, तेव्हा काकांनी आधी त्याला उजेडात उभं केलं आणि मगच डबा घेतला.

आता माझ्याविषयी. मी रत्नागिरीकडचा, राहायला माहूजमध्ये, एका खोलीत चौघे. एका परदेशी सिगारेट कंपनीची तिथे एजन्सी होती, तिच्यात कामाला होतो. गावी पत्रातून 'कंपनीत ऑफिसर' असं कळवलं होतं. प्रत्यक्षात दुकानादुकानांत कंपनीचं दिव्याचं काचेचं कपाट फुकट बसवायचं आणि भिंतीला पोस्टर चिकटवायचं, हे माझं काम. गोंद माझ्या बाह्यांना कायम लागलेला असे.

काकांची ओळख झाली ती अशाच एका कपाटामुळे. दुकानाचं माप न घेताच मी कपाट आणलं. मापं घेणं हे ऑफिसरचं काम नाही, असं माझं तेव्हा मत होतं. कपाट दारात अर्धं आत, अर्धं बाहेर अडकलं. हमाल म्हणाले, खलास, आता दार फोडा. गल्लीतून येणारी हातगाडी थांबली, मग दुसरी थांबली. काका आत कोंडलेले. पण त्यांनी धंदा थांबवला नाही. कपाटाच्या काचेतून ते गिऱ्हाइकांची तोंडं बघत होते आणि वरच्या फटीतून लवंगा देत होते. दीड तासाने कपाट सुटलं, तेव्हा आतून माझ्यासाठी चहा आला.

"काय रं रत्नांग्री," काका म्हणाले, "तुझी कंपनी आत यायला लई धडपडती."

कपाट परत गेलं. मी मात्र रोज जायला लागलो.

सत्तरच्या दशकातले दिवस ते. एके दिवशी आमच्या साहेबाने, एका गोऱ्या माणसाने, ऑफिसात एक बातमी सांगितली. अमेरिकेत काही ठिकाणी गांजाचा कायदा सैल होतोय. उद्या तो सरळ विकायची परवानगी मिळाली, तर मोठ्या सिगारेट कंपन्या वीस-वीसची पाकिटं घेऊन तयारच असतील, असं तो हसत म्हणाला. मला ही बातमी पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. काकांच्या दुकानात शिरता शिरता मी मोठ्याने म्हणालो, "काका, आता गांजासुद्धा कंपनी विकणार!"

त्या बाजारात अर्ध्या लोकांना हिंदी कळे, आणि गांजा शब्द कळायला हिंदीचीही गरज नव्हती. गांजाचं नुसतं नाव निघालं तरी पोलीस दाराशी येतील, असा तो मुलूख. काकांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि पोत्यावर बसवलं. मग दारातून गल्लीत दोन्हीकडे बघून आले. मला वाटलं, रागावले.

मग हळू आवाजात त्यांनी जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चुकलो. एकदा सांगितलं. ते पुढे येईलच.

काकांच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी गांजाचं दुकान होतं. चोरीचं नव्हे, सरकारी परवान्याचं. इंग्रजांच्या काळात अशी दुकानं होती. माल सरकारी गोदामातून येई, पुडीला ठरलेलं वजन असे. बैरागी येत, हमाल येत, रात्रभर खोकणारे म्हातारे येत. वडील प्रत्येकाला दुकानाबाहेर उन्हात उभं करत आणि तोंड बघत. डोळे पटले नाहीत, तर लवंग. एक टांगेवाला होता, त्याला ते चार दिवसांतून एकदाच देत. तो चिडे, पाया पडे, पण टांगा नीट हाकत होता. बायकोपोरं जेवत होती.

मग एका वर्षी तालुक्यातली सगळी दुकानं एकदम लिलावात निघाली आणि शहरातल्या एका मोठ्या मक्तेदाराने ती घेतली. वडील आपल्याच दुकानात नोकर झाले. मक्तेदाराने नवी पाटी दिली, दिवा दिला, गादी दिली. आणि एक हुकूम दिला, की आलेलं गिऱ्हाईक परत जाता कामा नये.

"त्याचं बी बरोबर हाय," काका म्हणाले. "तो राहतो शहरात. त्याला टांगेवाल्याचं तोंड कुठनं दिसनार?"

टांगेवाला रोज यायला लागला. मग दिवसातून दोनदा. वडील मान खाली घालून पुडी देत. पावसाळ्यात एका संध्याकाळी घोडा एकटाच टांगा घेऊन घरी आला. टांगेवाला ओढ्यात सापडला. तेराव्यानंतर त्याची बायको दुकानासमोर येऊन उभी राहिली. वडिलांनीच उठून दुकानाला कुलूप घातलं, किल्ली मक्तेदाराच्या माणसाला दिली आणि पुन्हा त्या गल्लीने कधी गेले नाहीत. पुढे सरकारने ती दुकानंच बंद केली.

"इकायला परवानगी असावी का नसावी, ते मोठ्या लोकांनी ठरवावं," काका म्हणाले. "पण ज्याला तोंड दिसत न्हाई, त्याच्या हातात असलं दुकान देऊ नये. तुझ्या सायबाला सांग."

मी साहेबाला सांगितलं. पण कसं सांगितलं, ते ऐका.

कंपनीचा एक छापील फॉर्म असे. प्रत्येक दुकानाच्या भेटीनंतर तो भरायचा. शेवटी 'शेरा' असा मोठा रिकामा चौकोन. बाकीचे पोरगे तिथे 'ठीक' लिहीत. मला माझ्या इंग्रजीचा भारी अभिमान. त्या दिवशी मी तो चौकोन भरला, मागची कोरी बाजूही भरली. चष्मा, लवंगा, अरबाबाचा रुसवा, मेकॅनिक, सगळं आलं. टांगेवाला मात्र 'एक गमतीदार जुनी समजूत' म्हणून एका ओळीत गेला. साहेबाने ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे खो-खो हसले. साहेबाने माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस हवेत होतो.

दरम्यान म्हातारा अरबाब आजारी पडला आणि दुकान त्याच्या मुलाकडे आलं. मुलगा परदेशात शिकून आलेला, वागायला सभ्य. आमचा साहेब त्याला भेटायला गेला, तेव्हा त्याच्या हातातल्या फायलीत माझा कागद होता. तुमच्या दुकानात उभं राहिलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं, हे तुम्हाला माहीत आहे का? एवढंच त्याने विचारलं म्हणे.

दुकानाचं दार रुंद करायचं ठरलं. यावेळी कपाटाचं माप मीच घेतलं, अगदी बिनचूक. काकांचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही, असंही ठरलं. अरबाबाच्या मुलाने त्यांना विमानाचं तिकीट दिलं, शिवाय एक घड्याळ दिलं. सतरा वर्षं काका त्या फळीमागे उभे होते.

शेवटच्या दिवशी मी गेलो. जाताना रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. काका, माझ्यामुळे झालं. काका, मी नुसतं गमतीने लिहिलं होतं. काका, मी साहेबाशी बोलतो. दुकानात फळी काढलेली, पोती बांधलेली. काका बरणी पुसत होते.

मी दारात उभा राहिलो. ते म्हणाले, "जरा उजेडात ये."

मी पुढे झालो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझं तोंड बघितलं. मी आजवर त्या नजरेखालून पुष्कळ जणांना जाताना पाहिलं होतं. ती इतकी लांब असते, हे मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"आज नाही," काका म्हणाले. आणि माझ्या हातावर दोन लवंगा ठेवल्या.

परवा ये, असं मात्र म्हणाले नाहीत.

मी गावच्या पत्त्यावर त्यांना दोन पत्रं घातली. पहिल्यात हवापाण्याचं लिहिलं. दुसऱ्यात सगळं खरं लिहिलं. ते दुसरं, गृहस्थ वारले, असा शेरा घेऊन परत आलं. एका छोट्या चौकोनात, एका ओळीत. शेरा असा लिहायचा असतो, हे मला पोस्टमनने शिकवलं.

बहरैन सोडण्याआधी एकदा त्या दुकानात गेलो. दारातूनच लख्ख उजेड. काचेचं कपाट भिंतभर. मला महिनाभर खोकला होता, बोलतानाही उबळ येत होती. मी पाकीट मागितलं. विकणाऱ्या पोऱ्याने खाली बघतच एक पुढे सरकवलं, वर दुसरं ठेवलं, आणि सांगितलं की ह्या आठवड्यात एकावर एक फुकट आहे.

मी दोन्ही उचलली. तरी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, तोंड उजेडात धरून.